न येण्याचे दिवस

आमच्या घरमालकीणबाई माणसाची पारख त्याच्या ताटात उरलेल्या काट्यांवरून करत. चेहरा, कपडे, बोलणं, कुणाचा कोण, यातलं काही त्यांना पुरत नसे. "तोंडान कोणय गोड बोलता. काटो कसो काढता ता बघूचा," असं म्हणून त्या समोरच्याच्या पानात पेडवे वाढत. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे. चव उत्तम आणि काटे केसासारखे. सुरमई, पापलेट कोणीही नीट खातो, त्यात माणूस कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. बँकेतली माझी पहिली नेमणूक मालवणात झाली होती आणि खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांचं कौलारू घर होतं. खाली त्या एकट्या, वर मी. सगळे त्यांना काकी म्हणत, म्हणून मीही. वय सत्तरीच्या आसपास, अंग बारीक, आवाज मात्र होडीवरून किनाऱ्यावर पोचेल असा. त्यांच्या यजमानांची होडी होती, त्यामुळे तो आवाज कामात आलेला असणार. हातात कायम एक मिटलेली छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचा उपयोग भिंत ठोकून बघायला, वाशाला वाळवी लागली आहे का ते टोचून बघायला आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवायला.

पहिल्या भेटीत त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. मी दुपारी दारात उभी राहिले, खोलीबद्दल विचारायचं वाक्य मनात जुळवत होते, तोवर मला आत नेऊन पाटावर बसवण्यात आलं. मी नाशिकची. आमच्याकडे मासे म्हणजे रविवारी सुरमई, तीही आईने मधला काटा काढून ताटात ठेवलेली. समोर पेडव्यांचं तिखलं, म्हणजे तिखटजाळ कालवण, आलं. काटे तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवायचे असतात हे मला माहीत होतं, पण एक अनोळखी बाई मांडीवर छत्री घेऊन माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली असताना ते मला जमेना. मी एकेक काटा हळूच रुमालात घेत गेले. जेवण संपलं तेव्हा माझं ताट धुतल्यासारखं होतं. काकींनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत ताटाकडे बघितलं.

"कधी येतलस रवाक?" एवढंच म्हणाल्या. खोली मिळाली होती.

रुमाल मी एसटी स्टँडमागच्या मांजरांपुढे झटकला.

घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि दोन्हीकडे गप्प, असं माझं शिक्षण झालं होतं. काकींच्या घरात ते सोयीचं पडलं, कारण तिथे दुसऱ्याने बोलायची फारशी गरज नसे. त्यांची मालवणी मला आधी अर्धी कळायची, मग सगळी कळू लागली. उत्तर मात्र मी शेवटपर्यंत पुस्तकी मराठीतच देत राहिले. "तू बोलतस तेवा बातम्या लागल्यासारख्या वाटता," असं त्या म्हणत.

काकींचा सोमवार कडक असे. सोमवारी मासे नाहीत, हे तिथल्या पुष्कळ घरांत असतं. काकींनी त्याला आपली एक पुरवणी जोडली होती. सोमवारी खोटंही नाही. बाकीच्या दिवशी त्या अगदी मोकळ्या मनाने खोटं बोलत. मासेवालीला ताजे बांगडे शिळे म्हणत, जुनी साडी नेसून आलेल्या शेजारणीला नवीन घेतलीस काय म्हणत, नको असलेल्या पाहुण्याला बरं वाटत नाही म्हणून पडवीतूनच परत लावत. सोमवारी मात्र विचाराल ते खरं. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीला बघून गेलेला मुलगा कसा वाटला, हे विचारायला लोक मुद्दाम सोमवारी येत. आणि काही जण सोमवारी त्यांच्या दारावरून जायचंही टाळत. शेजारची नवी सून एका सोमवारी घावणे घेऊन आली आणि कसे झालेत म्हणून विचारून बसली. पुढे ती मंगळवारीच यायला लागली.

हा नेम मुळात त्यांच्या सासूबाईंचा, असं शेजारीण सांगे. काकींचं स्पष्टीकरण वेगळं होतं. सोमवारी जेवणाला चव नसते, निदान बोलण्याला तरी असावी.

आता छपराकडे येते, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरत होतं. मी राहायला गेले त्याच्या आदल्या पावसात माजघरावरचे वासे वाळवीने बसले होते. कौलं घसरून एका कोपऱ्यात पोटासारखा बाक आला होता. काकींचा मुलगा ठाण्याला असतो, सातव्या मजल्यावर. तो गणपतीला आला, त्याने तो बाक पाहिला आणि सांगून गेला की पुढच्या पावसाआधी छप्पर नवं झालं नाही तर घराला कुलूप लावून ठाण्याला यायचं. तो वाईट नव्हता, घाबरला होता. त्याने तिथली एक खोली आईसाठी रिकामी करून तिला पडदेसुद्धा लावले होते. पडद्यांचा फोटो काकींच्या फोनवर आला होता. त्यांनी तो मला एकदा दाखवला आणि फोन पालथा ठेवला. "थय दारा लावन जेवतत," म्हणाल्या. "आणि मासो फ्रीजातसून येता."

म्हणजे एक काँट्रॅक्टर हवा होता, खरा. आणि वेळेत. घर बंद झालं असतं तर मलाही दुसरी खोली शोधावी लागली असती, म्हणजे नव्या माणसांशी बोलावं लागलं असतं. त्यामुळे छपराची काळजी मलाही होती, फक्त मी ती बोलून दाखवत नव्हते.

मुलगा रोज संध्याकाळी फोन करून कामाचं विचारे. काकी अंगणात उभ्या राहून, फोनचा स्पीकर लावून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत की सुतार वर चढलेले आहेत, आवाज ऐकू येत नाही काय. मग छत्री वर करून मला खूण करत. मी माडीच्या फळ्यांवर बत्त्याने ठोकायची. सुरुवातीला मी ते अगदी हळू, कुणाला त्रास होणार नाही अशा बेताने करायची, तेव्हा काकींनी मला समजावलं की सुतार असे लाजत ठोकत नाहीत. पुढे मला बरं जमायला लागलं. सोमवारी मात्र फोन सुपाखाली झाकलेला असे. तो तिथे वाजत राही आणि काकी त्याच्याकडे बघत वाती वळत बसत. मी एकदा न राहवून सुपाकडे बोट दाखवलं. "आज उचललंय तर खरा सांगूचा लागतला," त्या म्हणाल्या. "खरा आयकलान तर रात्रीच्या गाडयेन माका न्हेवक येतलो."

दिवाळीनंतर काँट्रॅक्टर येऊ लागले. प्रत्येकाला जेवायला घालण्यात येई. छपरावर चढण्याआधी जेवण, असा क्रम होता, आणि बऱ्याच जणांची चढायची पाळी आलीच नाही. वाढायला मी असे. माणूस हात धुऊन गेला की काकी त्याचं ताट अंगणात उजेडाला नेत आणि काडीने काटे उलटसुलट करून बघत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, ताटं राहत. एक होता अर्धो बांगडो. त्याने अर्धा मासा टाकला, तर हा कामही अर्धं टाकून जाणार. एक सगळे काटे भातात कालवून गिळून गेला. त्याच्याबद्दल काकी म्हणाल्या, "हो आत काय घालीत आणि वरसून गिलावो मारीत, ता कोणाक कळाचा नाय." एकाने फक्त रसाच ओरपला आणि मासे तसेच ठेवले. तो हिशेबाला पक्का असावा असं मला वाटलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

आणि मग साफ काटो आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. त्याने पेडवे असे खाल्ले की मी वाढायचं विसरून बघत राहिले. एकेक काटा आख्खा, शेपटीसकट, ताटाच्या कडेला ओळीने मांडलेला. काकी ते ताट घेऊन शेजारणीकडे दाखवायला गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्याला मागच्या पडवीचं काम दिलं. ते झालं की मोठं छप्पर.

त्याने पडवीची कौलं उतरवली, अंगणात सुंदर रचून ठेवली, कुजके वासे काढले, वर निळं प्लॅस्टिक ताणून बांधलं, खाली झाडूसुद्धा मारला. "फाल्या येतंय, काकी," म्हणाला, म्हणजे उद्या येतो. त्यानंतर तो आम्हाला फक्त फोनवर भेटला. येतंय. रस्त्यात आसंय. टेम्पोवालो येवक नाय म्हणान, नायतर इलंय असतंय. त्याच्या बोलण्यामागे हातोड्याचा आवाज स्पष्ट येत असे, म्हणजे कोणाच्या तरी छपरावर तो खराच होता. शिमगा येऊन गेला तरी पडवी आपली आभाळाकडे बघत राहिली आणि रात्रंदिवस ते प्लॅस्टिक फडफडत राहिलं.

मला वाटलं, आता काट्यांची परीक्षा बंद होईल. काकींनी परीक्षेला दोष लावला नाही. "पेडवे बरेच खाल्ल्यान," असं त्या म्हणत राहिल्या, जणू कुणी त्याच्यावर पेडवे नीट न खाल्ल्याचा आरोप केला होता. काँट्रॅक्टर येत राहिले, जेवत राहिले. फक्त आता कोणीच पास होईना. एकाने खरोखर चांगलं खाल्लं, तर काकींनी त्याच्या ताटातला एकच मोडका काटा शोधून काढला. मला दिसत होतं की आता त्या ताट बघत नव्हत्या, ताटाआडून पडवी बघत होत्या.

या भागात येतंय हा शब्द कोणी फसवायला वापरत नाही, असं मला पुढे वाटू लागलं. समोरच्याला नाही म्हणणं लोकांना जड जातं. त्यांच्या लेखी तो माणसाचा अपमान असतो. गवंडी, सुतार, वायरमन, सगळे येतंय म्हणतात, आणि म्हणताना त्यांना यायचंही असतं. अडचण एवढीच की त्यांनी तेच आणखी चार घरांत सांगितलेलं असतं, आणि तिथेही त्यांना कोणाचं मन मोडवत नाही.

माळकरी आला तो या सगळ्यानंतर, आंबे उतरायला लागले होते तेव्हा. शेजारणीच्या माहेराकडचा, नांदगावचा. तो रविवारी येणार होता. काकींनी पेडवे आणून ठेवले, तो आलाच नाही, आणि सोमवारी दुपारी उगवला. गळ्यात तुळशीची माळ, खिशात फोन, आणि फोन वाजला की मोठ्याने अभंग लागे. तो फोन त्या दुपारी सारखाच वाजत होता. माणूस बोलका. पाणी पिऊन होईपर्यंत त्याने आम्हाला स्वतःची ॲसिडिटी, बायकोचे गुडघे आणि काकींच्या कुंपणातली चूक, तिन्ही सांगितलं. काल का नाही आलास, असं काकींनी विचारलं तर म्हणाला, झोप लागली. सबब तरी चांगली द्यायची, असं काकींच्या चेहऱ्यावर दिसलं.

पण खरी पंचाईत पुढे होती. "मगे तू मासे खायनस नाय?" काकींनी विचारलं.

"माळ आसा, काकी."

"कधीच नाय? मंगळवारी पण?"

तो हसला. काकींनी माझ्याकडे बघितलं, तराजू हरवलेल्या दुकानदारासारखं. मग त्या तरातरा मागच्या दाराने गेल्या, शेजारणीच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा बोटभर तुकडे होऊन आमटीत पडल्या आणि माझ्या लक्षात आलं की परीक्षा रद्द झालेली नाही, फक्त विषय बदललाय.

माळकऱ्याने शेंगा अशा खाल्ल्या की बघवेना. चावायचा, बोलायचा, चोथा ताटात कुठेही टाकायचा, एक तर माझ्या पायाजवळ आला.  काकींचं मत झालं होतं. बोलता बोलता तो शेजारणीकडून ऐकलेलं सांगू लागला की दिवाळीपासून या घरात कोण कोण जेवून गेलं. आणि मग घास तसाच हातात धरून, अगदी सहज म्हणाला,

"काकी, तुमका छप्पर करूचा आसा, काय नुसती माणसा जेवक घालूची आसत?"

दुसऱ्या कुठल्याही वारी काकींनी त्याला छत्री दाखवली असती. पण सोमवार होता. त्या भाताची वाटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाहेर पडवीवरचं प्लॅस्टिक फडफडत होतं.

"करूचा आसा," त्या म्हणाल्या. आवाज होडीवरचा नव्हता. "पण कौला उतरवली काय माझा घर तुझ्या हातात जाता. तू इलंस नाय तर माका ठाण्याक जावचा लागतला. भय वाटता रे."

मी वाढायचा डाव हातात घेऊन तशीच बसले. मी घरात आल्यापासून ही बाई कशालाही भ्यालेली मी पाहिली नव्हती.

माळकऱ्याने धीर वगैरे दिला नाही. भय वाटायलाच हवं, आम्ही सगळे तसलेच, असं तो म्हणाला आणि ताकाची वाटी पुढे केली. मग बोटावर मोजत सांगू लागला. "एकादशीक मी येवचंय नाय. मेवण्याच्या झिलाचा लगीन आसा, ते दोन दिस येवचंय नाय. बायलेक डॉक्टराकडे न्हेवची आसता, तो बुधवार नाय. ऊन चढला काय दुपारचो मी निजतंय, तेवा हाक मारूची नाय. बाकीचे दिस येतलंय." आणि छप्पर तो एका अंगाने करणार. खाडीकडची बाजू आधी. ती पुरी झाल्याशिवाय रस्त्याकडच्या बाजूचं एक कौलही हलवणार नाही, म्हणजे झोपायला निम्मं घर कायम राहील. एवढं सांगून त्याने ताक प्यायलं, छपरावर चढून छत्रीपेक्षा जास्त गोंगाट करून वासे ठोकून बघितले आणि अभंग वाजवत निघून गेला.

काकींनी त्याचं ताट उजेडाला नेलं. शेंगांचे चोथे बघवत नव्हते. "ढोर तरी बरा खाता," म्हणाल्या. मग आजवर जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मला विचारलं.

"तुका काय वाटता गो?"

मला अशा प्रश्नांना उत्तर द्यायची सवय नाही. पण सोमवार मलाही लागू असावा.

"बाकी सगळे येतो म्हणाले होते, काकी," मी म्हटलं. "हा एकटाच असा, ज्याने कधी येणार नाही ते सांगितलं."

त्यांनी ताट खाली ठेवलं. पडवीकडे बघितलं. आत जाताना म्हणाल्या, "फाल्या तेका फोन लाव. आणि शेंगो कशो खाल्ल्यान ता वाडयेत कोणाक सांगा नको."

त्याचे न येण्याचे दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारून ठेवले. काम सुरू झालं आणि खाडीकडची कौलं उतरली. आता गंमत अशी झाली की तो येतो त्या दिवसांकडे काकींचं फारसं लक्ष नसे. पहिली एकादशी आली तेव्हा मात्र त्या सकाळी लवकर आंघोळ करून, छत्री घेऊन पायरीवर बसल्या. मी बँकेत निघाले तेव्हा बसलेल्या होत्या, जेवायला घरी आले तेव्हाही होत्या. मला बघून उठल्या. चेहरा लग्नघरासारखा.

"नाय इलो गो," त्यांनी सांगितलं. "सांगल्यान तसो नायच इलो."

शेजारणीला त्यांनी गूळखोबरं दिलं. छप्पर उघडं टाकून काँट्रॅक्टर आला नाही आणि ही बाई गूळखोबरं वाटते आहे, हे बघून तिने माझ्याकडे चौकशी केली की काकींना ऊन तर लागलं नाही ना.

माझी पुढे बदली झाली. आता मी जिथे राहते तिथे कधी नळवाला, कधी रंगवाला बोलवावा लागतो. मी त्यांना विचारते की तुम्ही कुठल्या दिवशी येणार नाही. ते आधी गोंधळतात, मग बहुतेक जण म्हणतात, तसं काही नाही मॅडम, उद्या नक्की येतो. त्यांना मी परत फोन करत नाही. जेवायला मात्र घालत नाही. तेवढी माझी हिंमत नाही.

खरे सुतार वर चढल्यावर मुलाचा संशय वाढला, हेही सांगायला हवं. आधी कसा दणदणीत आवाज यायचा, आता मध्येच बंद का पडतो, असं त्याने विचारलं. सुतार चहा पीत होते. काकींनी छत्री वर केली आणि मी बत्ता घेतला.

एकदाच असं झालं की कॅलेंडरवर फुली नव्हती आणि माळकरी आला नाही. गुरुवार होता. खाडीकडची बाजू पूर्ण उघडी, जुने वासे काढलेले, नवे यायचे होते. माणसं सकाळी आली, त्याची वाट बघून परत गेली. फोन लागेना. दुपारी डोंगराकडून ढग यायला लागले. वळीव कोसळला असता तर माजघरात गुडघाभर पाणी झालं असतं. मी बँकेतून आले तेव्हा काकी पायरीवर बसल्या होत्या, छत्री शेजारी आडवी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत जाऊन मी दोन कप चहा केला आणि त्यांच्याशेजारी बसले. 

चहा अर्धा झाल्यावर त्याच बोलल्या, समोर खाडीकडे बघत.

"पेडव्यांचे काटे तू रुमालात बांधून न्हेल्लंस. माका तेवाच ठावक होता."

माझे कान तापले. मग खोली कशी दिलीत, असं मी कसंबसं विचारलं.

"घशात अडाकता, डोळ्यात पाणी येता, तरी खातस," त्या म्हणाल्या. "उठान गेलस नाय, म्हणान दिलंय."

मला आठवलं की गुरुवार आहे. काकींना खरं बोलायचं काही कारण नव्हतं.

आम्ही तशाच बसून होतो, तेव्हा वाटेच्या वळणावर माळकरी दिसला. पायी, एकटा, हातात चपला, कारण एक तुटली होती. तो येऊन पायरीखाली उभा राहिला. वासे घेऊन येणारा टेम्पो बंद पडला होता, आणि फोन सकाळीच हौदात पडला होता. हे सगळं त्याने नंतर सांगितलं. आधी म्हणाला, "आज काम जावचा नाय. ता सांगूक इलंय."

काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. "ह्या सांगूक नांदगावसून इलंस?"

"मगे?" तो म्हणाला. "तुमी वाट बघीत बसतल्यात."

काकींनी छत्री उचलली. मला वाटलं मारतात. त्यांनी ती त्याच्या हातात दिली, कारण वरून थेंब पडायला लागले होते, आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना तो ती उघडून घेऊन गेला. ती छत्री आतून चक्क फुलाफुलांची होती. ढग थोडं शिंपडून गेले, माजघरातली एक उशी भिजली.

छप्पर नेमकं कधी पुरं झालं ते मला आठवत नाही. शेवटचा कोना बसला, पडवीही त्यातच झाली, तो दिवस बहुतेक शनिवार असावा. मला आठवतो तो त्याच्या पुढचा सोमवार. संध्याकाळी काकी वाती वळत होत्या, मी ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत होते. माळकरी दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होता, आणि येणार नसता तर त्याने तसं सांगितलं असतं. सुपाखाली फोन वाजायला लागला.

काकींनी थोडा वेळ वाजू दिला. मग सूप उचललं, फोन घेतला आणि अंगणात जाऊन स्पीकर लावला.

 पलीकडून मुलाचा आवाज आला, जरा दबकत.

"आये? तू आज फोन कसो उचललंस?"

"वाजलो म्हणान."

"छप्पर...?"

"झाला."

"खरा सांग गो."

काकींनी मान वर करून कौलांकडे बघितलं. रस्त्याकडची जुनीच, नव्या वाशांवर परत बसवलेली, खाडीकडची नवी, दोन रंगांची.

"आज वार कोणतो ता बघ," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.